सात हजार माणसं, एकच जहाज

१० फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे मेक्सिकोच्या आखातात ‘कार्निव्हल ट्रायम्फ’ या जहाजाच्या इंजिनरूममध्ये आग लागली. एका लवचीक नळीतून इंधन गळलं आणि तापलेल्या भागावर पडून पेटलं. जहाजावरच्या यंत्रणेने आग विझवली, कोणी दगावलं नाही. पण वीज गेली ती गेलीच. सहलीला निघालेले तीन हजारांहून अधिक प्रवासी आणि हजारभर कर्मचारी भर समुद्रात अडकून पडले. केबिनमध्ये जीव घुसमटायला लागला तेव्हा लोकांनी गाद्या ओढत डेकवर आणल्या आणि चादरी बांधून आडोसे केले. जेवणासाठी तासन्‌तास रांगा लागल्या. शौचालयं तुंबली आणि प्रवाशांच्या हातात लाल रंगाच्या प्लास्टिकच्या पिशव्या देण्यात आल्या. टगबोटींनी ओढत नेलेलं ते जहाज १४ फेब्रुवारीच्या रात्री अलाबामातल्या मोबील बंदराला लागलं.

एका नळीपायी चार हजार माणसांचे असे हाल का व्हावेत? उत्तर जहाजाच्या रचनेत आहे. आजच्या बहुतेक मोठ्या क्रूझ जहाजांवरची इंजिनं आधी वीज तयार करतात आणि मग त्या विजेवर सगळं चालतं: जहाज पुढे ढकलणारे पंखे, एसी, लिफ्ट, स्वयंपाकघर, समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रणा आणि शौचालयंही. घरातल्या संडासात पाण्याच्या लोंढ्याने मैला वाहून जातो. जहाजावर तेवढं गोडं पाणी परवडत नाही. तिथे पाइपांमध्ये पंपाने निर्वात पोकळी तयार केलेली असते. बटण दाबलं की झडप उघडते, मोठा ‘फस्स’ आवाज होतो आणि जेमतेम लिटरभर पाण्यासोबत सगळं खेचलं जातं. पंपाला वीज नाही म्हणजे खेचणारं कोणी नाही.

वीज असतानाही ही व्यवस्था नाजूकच असते. बऱ्याच केबिन एकाच नळमार्गाला जोडलेल्या असतात. त्यांतल्या एखाद्या केबिनमधून बाळाला पुसायचा ओला रुमाल, सॅनिटरी पॅड किंवा कापसाचा बोळा आत गेला की तो वाटेत अडकतो आणि शेजारच्या केबिनमधली शौचालयंही बंद पडतात. प्लंबर येतो, नळमार्ग शोधतो, अडथळा काढतो आणि यात काही तास जातात. केबिनमध्ये लावलेली ‘कागदाखेरीज काहीही टाकू नये’ ही पाटी त्यासाठी असते. ती न वाचणाऱ्याचा त्रास शेजाऱ्यांना भोगावा लागतो.

‘ट्रायम्फ’ १९९९ साली सेवेत आलं होतं. १ जुलै २०१० नंतर बांधायला घेतलेल्या मोठ्या प्रवासी जहाजांना आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनी एक नवी अट घातली आहे. ठरावीक मर्यादेपर्यंतची आग लागली किंवा पाणी शिरलं, तरी जहाजाला स्वतःच्या बळावर बंदरापर्यंत पोचता आलं पाहिजे आणि तोवर प्रवाशांना पाणी, अन्न, उजेड, हवा आणि शौचालय मिळालं पाहिजे. त्यासाठी नव्या जहाजांत यंत्रणा दुहेरी आणि वेगवेगळ्या भागांत ठेवतात. म्हणूनच क्रूझ निवडताना जहाज कोणत्या सालचं आहे हे विचारलं पाहिजे. जाहिरातीत ते ठळकपणे सांगितलेलं नसतं.

अशी संकटं क्वचित येतात. बहुसंख्य प्रवाशांची कुरकुर वेगळीच असते: गर्दीची. तिचं कारण कळण्यासाठी ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजाकडे पाहावं. फिनलंडमधल्या तुर्कू इथे बांधलेलं हे जहाज जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालं. लांबी सुमारे ३६५ मीटर, मजले २०, पोहण्याचे तलाव ७. एका केबिनमध्ये दोघं धरली तर ५,६१० प्रवासी आणि सगळ्या खाटा भरल्या तर ७,६००. शिवाय २,३५० कर्मचारी. म्हणजे दहा हजारांच्या आसपास वस्ती. जहाजाचं ‘ग्रॉस टनेज’ आहे जवळजवळ अडीच लाख, ‘टायटॅनिक’च्या पाचपटीहून अधिक.

हा आकडा वजनाचा आहे असा सर्रास समज असतो. खरं तर तो जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं, म्हणजे घनफळाचं माप आहे. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागलं की माणशी जागा किती आहे याचा अंदाज येतो. ‘आयकॉन’च्या बाबतीत हे उत्तर ४४ च्या आसपास येतं. गुणोत्तर जेवढं कमी, तेवढी दाटी अधिक. मात्र ते काढताना केबिनमागे दोनच प्रवासी धरतात. शाळांच्या सुट्ट्यांत आईवडील आणि दोन मुलं एकाच केबिनमध्ये राहतात. तेव्हा तेच जहाज, तेच तलाव आणि त्याच लिफ्टा दीड-दोन हजार जादा माणसांत वाटल्या जातात. एकाच जहाजाबद्दल सप्टेंबरात गेलेला प्रवासी आनंदाने बोलतो आणि नाताळात गेलेला वैतागलेला असतो, याचं कारण हे आहे.

गर्दीचा खरा प्रश्न वेळेचा असतो. हजारो माणसं एकाच वेळी एकच गोष्ट करायला निघतात. नाश्त्याला सगळे आठ ते साडेनऊच्या दरम्यान बुफेकडे येतात. बंदर आलं की सगळ्यांना पहिल्या तासात उतरायचं असतं. रंगमंचावरचा कार्यक्रम संपला की दीड हजार प्रेक्षक एकदम लिफ्टकडे वळतात. आणि ज्या दिवशी बंदर नसतं, त्या दिवशी सगळं जहाज तलावाकाठी जमतं. तिथे ‘टॉवेलयुद्ध’ होतं. काही प्रवासी सकाळी सहालाच आरामखुर्चीवर टॉवेल आणि पुस्तक ठेवून निघून जातात आणि थेट दुपारी उगवतात. दहा वाजता येणाऱ्याला दिसतात त्या रिकाम्या, तरीही अडवलेल्या खुर्च्यांच्या रांगा. काही कंपन्यांनी यावर उपाय केला: कर्मचारी खुर्चीवर वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवतो आणि ठरलेल्या मुदतीत कोणी आलं नाही तर सामान उचलून ठेवतो. पण प्रवाशाशी वाद नको म्हणून कर्मचारी कचरतात आणि नियम कागदावर राहतो.

पहिला आणि शेवटचा दिवस तर गर्दीचा कळसच. मोठी जहाजं पहाटे बंदराला लागतात आणि त्याच दिवशी दुपारी-संध्याकाळी पुन्हा निघतात. सकाळचं लग्न आटोपून संध्याकाळच्या लग्नासाठी कार्यालय रिकामं करून द्यावं, तशी धांदल असते. त्या आठ-दहा तासांत हजारो माणसं उतरवायची, त्यांच्या बॅगा धक्क्यावर मांडायच्या, प्रत्येक केबिन धुऊन-पुसून लावायची, आठवड्याचा किराणा, भाजी, इंधन भरायचं आणि तेवढीच नवी माणसं चढवायची. सुटी संपलेल्या प्रवाशाला सकाळी आठच्या सुमाराला केबिन सोडायला सांगतात. आदल्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. ज्याने त्याच बॅगेत दुसऱ्या दिवशीचे कपडे किंवा औषधं ठेवली, त्याची पंचाईत ठरलेली.

केबिनची जागाही सुखदुःख ठरवते. जहाज लाटांवर डोलतं तेव्हा सर्वांत कमी हालचाल मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर जाणवते. टोकाला आणि उंचावर ती सर्वांत जास्त. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव ‘आपण हलतोय’ म्हणतो आणि डोळ्यांना मात्र स्थिर भिंत दिसते. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. ते बाजूचं डोलणं कमी करतात, पण पुढचं टोक वर-खाली होणं त्यांना थांबवता येत नाही. आवाजाचाही विचार केलेला बरा. तलावाच्या डेकखालच्या केबिनमध्ये भल्या पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, नाट्यगृहाला लागून असलेल्या केबिनमध्ये रात्री ढोल, आणि जहाजाच्या नाकाजवळ धक्क्याला लागतानाची घरघर. नकाशात आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे हे दोन मिनिटांत पाहता येतं. वरखाली दोन्हीकडे केबिनच असतील तर झोप लागण्याची शक्यता सर्वांत जास्त.

आता बंदरांकडे वळू. अपेक्षाभंग सर्वांत जास्त इथे होतो. कार्यक्रमपत्रिकेत ‘रोम’ असतं, पण जहाज लागतं चिवितावेक्कियाला आणि तिथून शहर सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, ‘बँकॉक’ म्हणजे लेम चबांग. व्हेनिसच्या ऐन मध्यातून, सेंट मार्क चौकासमोरून जाण्याचं दृश्य आता मोठ्या जहाजांतून दिसत नाही, कारण १ ऑगस्ट २०२१ पासून इटलीने २५,००० टनेजहून मोठ्या जहाजांना तो मार्ग बंद केला. सँटोरिनीला मोठं जहाज धक्क्याला लागतच नाही. ते समुद्रात थांबतं, लहान बोटींतून माणसं किनाऱ्यावर नेली जातात आणि मग कड्यावरच्या फिरा गावात जायला केबल कारची रांग किंवा पाचशेहून अधिक पायऱ्या. एकाच दिवशी तीन-चार जहाजं आली की प्रवाशाचा निम्मा वेळ रांगेत जातो आणि गावकऱ्यांनाही रस्त्यावर चालणं मुश्कील होतं. म्हणून तिथे दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातली गेली आणि २०२५ च्या उन्हाळ्यापासून ग्रीसने तिथे ऐन हंगामात उतरणाऱ्या प्रत्येक क्रूझ प्रवाशावर २० युरो शुल्क लावलं.

कधी बंदरच हुकतं. वीस मजली जहाजाची बाजू म्हणजे वाऱ्याला अडवणारी प्रचंड भिंत. वारा वाढला की अरुंद बंदरात शिरणं धोक्याचं होतं आणि कॅप्टन पुढे निघून जातो. तिकिटाच्या करारात त्याला हा अधिकार दिलेला असतो. प्रवाशाला सहसा त्या बंदराचं शुल्क तेवढं परत मिळतं. ज्या बेटासाठी सगळी सहल ठरवली तेच राहिलं, याचं दुःख खरं आहे. पण असा निर्णय घेणाऱ्या कॅप्टनवर राग धरू नये.

उशीर झाला तर मात्र जहाज थांबत नाही. २७ मार्च २०२४ रोजी आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या साओ टोमे बेटावर ‘नॉर्वेजियन डॉन’ने आठ प्रवाशांना मागे सोडलं. खासगी सहलीवरून ते उशिरा परतले होते. जहाज समोर नांगर टाकून उभं होतं, तरी त्यांना चढू दिलं नाही. देश ओलांडत ते गांबियाला पोचले, तर ओहोटीमुळे जहाज तिथे लागलंच नाही. शेवटी सेनेगलमध्ये त्यांना ते गाठता आलं. कंपनीने स्वतः आखलेल्या सहलीला उशीर झाला तर कंपनी सहसा वाट पाहते. बाहेरची सहल स्वस्त पडते, पण उशिराची जोखीम प्रवाशाची असते.

पैशांबद्दलची नाराजी सर्वांना ठाऊक असते, पण तिचा आकार आधी मोजला जात नाही. तिकिटात खोली, ठरावीक उपाहारगृहांतलं जेवण आणि करमणूक येते. शीतपेयं, मद्य, वायफाय, खास उपाहारगृहं आणि किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. मोठ्या अमेरिकी जहाजांवर कर्मचाऱ्यांसाठीची बक्षिसी रोज माणशी १६ ते २० डॉलरच्या घरात जाते आणि खात्यावर आपोआप चढते. चौघांच्या कुटुंबासाठी आठवड्याअखेर ही रक्कम पाचशे डॉलरच्या आसपास जाते. दवाखान्याचं बिल तर वेगळंच आणि भरभक्कम असतं. समुद्रप्रवास आणि तातडीने हलवण्याचा खर्च ज्यात धरला आहे असा विमा घेतल्याशिवाय जाऊ नये.

आजारपण हा जहाजावरचा जुना शत्रू. नोरोव्हायरसमुळे उलट्या-जुलाब होतात, लागण व्हायला फार थोडे विषाणू पुरतात आणि कठडे, बटणं, बुफेतले डाव यांवर ते टिकून राहतात. त्यांच्यापुढे हाताला लावायचं अल्कोहोल जेल फारसं चालत नाही. साबण-पाण्याने हात धुणं हाच उपाय. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेचे निरीक्षक जहाजांना अघोषित भेटी देतात आणि १०० पैकी गुण देतात. ८५ किंवा त्याहून कमी म्हणजे नापास. जहाजावर ३ टक्के प्रवासी किंवा कर्मचारी पोटाच्या विकाराने आजारी पडले, तर तो उद्रेक जाहीर केला जातो. म्हणून जहाजावरचे उद्रेक बातम्यांत येतात. अमेरिकेतल्या एकूण नोरोव्हायरस उद्रेकांत मात्र जहाजांचा वाटा अगदी लहान आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये मात्र योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाजावर जे घडलं ते जगाने पाहिलं. ३,७११ माणसांपैकी ७१२ जणांना कोरोनाची लागण झाली. खिडकी नसलेल्या केबिनमध्ये कित्येक प्रवाशांनी दोन आठवडे काढले, डेकवर फिरायला पाळीपाळीने थोडा वेळ मिळे. त्यांच्या दारात जेवणाची ताटं पोचवणाऱ्यांत भारतीयही होते; जहाजावर १३२ भारतीय कर्मचारी होते. आपल्याकडे ३ जानेवारी २०२२ ला मुंबईहून मुरगावला गेलेल्या ‘कॉर्डेलिया’ जहाजावर ६६ जण बाधित निघाले. नववर्षासाठी निघालेल्या सुमारे दोन हजार माणसांना समोर गोवा दिसत असून उतरता आलं नाही आणि जहाज मुंबईला परतलं.

काही त्रास मात्र सोसलाच पाहिजे. चढल्याबरोबर होणारी बचावाची कवायत प्रवाशांना नकोशी वाटते. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटलं आणि ३२ जणांचा जीव गेला. त्याच संध्याकाळी चिवितावेक्कियाला चढलेल्या सुमारे सातशे प्रवाशांची कवायत झालेली नव्हती. तेव्हाच्या नियमानुसार ती २४ तासांत घेतली तरी चालत असे. २०१५ पासून जहाज निघण्याआधी किंवा निघताच कवायत घेणं बंधनकारक झालं. आता अनेक जहाजांवर सूचना मोबाइलवर पाहायच्या आणि नेमलेल्या जागी जाऊन फक्त हजेरी लावायची असते.

तक्रार करायची तर कुठे? जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्या देशाचा कायदा, आणि मोठी जहाजं बहुधा बहामा, पनामा, बर्म्युडा किंवा माल्टा इथे नोंदलेली असतात. दावा कुठे लावायचा हे तिकिटावरच्या बारीक अक्षरांत असतं. १९८६ मध्ये मेक्सिकोजवळ जहाजाच्या स्वयंपाकघरात पाय घसरून जखमी झालेल्या एका अमेरिकी बाईने आपल्या वॉशिंग्टन राज्यात खटला भरला. तिकिटावर लिहिलं होतं, वाद फ्लोरिडातच. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट वैध ठरवली. देशाच्या एका टोकाच्या प्रवाशाने दुसऱ्या टोकाला जाऊन भांडायचं, असा तो निकाल झाला आणि आजही तिकिटांत अशा अटी असतात.

सुधारणा झाल्या त्या गाजलेल्या हालअपेष्टांनंतर. ‘ट्रायम्फ’च्या प्रकरणावर ओरड झाली तेव्हा मे २०१३ मध्ये क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने प्रवाशांची हक्कसूची स्वीकारली. धक्क्याला लागलेल्या जहाजावर अन्न, पाणी, शौचालय पुरवता येत नसेल तर उतरण्याचा हक्क. यांत्रिक बिघाडामुळे सफर रद्द झाली तर पूर्ण आणि अर्ध्यात संपली तर अंशतः परतावा. बिघाडाची वेळेवर माहिती. घरी पोचवण्याची सोय. युरोपीय संघात मात्र त्याआधीपासून समुद्रप्रवाशांच्या हक्कांचा २०१० चा कायदा आहे.

रागाच्या भरात प्रवासी ज्याच्यावर ओरडतो तो बहुधा वेटर किंवा केबिन साफ करणारा असतो. यांत भारतीय पुष्कळ. गोव्यातल्या कित्येक घरांत कुणीतरी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, असतोच. मुंबई-वसईतली मुलंही ‘शिपवर’ जातात. कित्येक महिन्यांचा करार, आठवड्याची सुटी नाही. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराप्रमाणे कमाल मर्यादाच दिवसाला १४ आणि आठवड्याला ७२ तासांची आहे. वारा, लिफ्ट, बंदर यांतलं काहीच त्यांच्या हातात नसतं. तक्रार लेखी, गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर, तारीख-वेळ आणि फोटोसह द्यावी. पुढे परतावा मागताना हाच पुरावा चालतो.

आता हे सगळं आपल्या दाराशी आलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं आणि गोवा, कोची, लक्षद्वीपच्या सफरी इथूनच निघतात. आपल्या ग्राहकाची बाजू एका बाबतीत भक्कम आहे: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवता येते. पण लढायची वेळ येण्याआधी माहिती हवी. बंदर हुकलं तर किती पैसे परत, बिघाडाने सफर तुटली तर काय, आजारी पडल्यास खर्च कोणाचा, तिकिटाबाहेर रोजचा आकार किती आणि जहाज कोणत्या सालचं, या पाच प्रश्नांची उत्तरं मराठीत आणि हिंदीत एका पानावर मावतात. ते पान तिकिटासोबत कंपन्यांनी द्यावं आणि मुंबई बंदर प्राधिकरणाने तसा आग्रह धरावा.